दांड्यावरचे दोनशे अकरा

वाळूच्या एका उघड्याबोडक्या दांड्यावर दोनशे अकरा जातींचे मासे राहतात, हे साऱ्या जगाला पटवायला मला चार वर्षं लागली. ते खोटं आहे हे पटवायला निघालो तेव्हा कळलं, की हे काम त्याहून अवघड आहे. माझ्यासारख्याला ही शिक्षा बरोबरच होती म्हणा. पण माझ्याबरोबर त्रेचाळीस होड्या आणि एकुलती एक भाची अडकली, ते काही बरोबर झालं नाही.

मी बाबल टिकम. वायरोळ बंदरात चाळीस वर्षं तांडेल होतो, म्हणजे होडीवरचा कारभारी. गुडघे गेले तेव्हा होडी सोडली आणि जेटीवरच्या पत्र्याच्या शेडखाली येऊन बसलो. गाव मला थापाड्या म्हणतं. एकदा काळोखी पाण्यात नांगराचा दोर समजून आम्ही होडी एका शेवंडाच्या, म्हणजे मोठ्या समुद्री झिंग्याच्या, मिशीला बांधली होती, आणि तो बेटा आम्हाला ओढत पार देवगडच्या पुढे घेऊन गेला, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाही त्या मिशीचा खरखरीतपणा हाताला आठवतो.

पण ‘दांड्यावर’ हे उत्तर माझी थाप नव्हे. ती वायरोळची रीत.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांबलचक दांडा आहे. एका बाजूला दांडा, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधे चार होड्या कशाबशा शेजारी बसतील एवढी वाट. समुद्रात जायची आणि परत यायची तेवढी एकच. दांड्यावर काय आहे? शिंपले, चिमुकल्या खेकड्यांची बिळं आणि वारा. तिथे मासा मिळाला असं कोणी म्हटलं तर कुत्रंसुद्धा मागे येणार नाही. म्हणूनच ते उत्तर. होडी भरून आली की जेटीवरचा विचारतो, “खय गावला रे?” म्हणजे, मासा कुठे मिळाला. होडीवरचा सांगतो, “दांड्यावर.” विचारणारा मान हलवतो आणि दुसऱ्या विषयावर जातो. पुढे विचारायचं नाही. ना कोणी त्याला खोटं म्हणत, ना कोणी रागावत.

खरी जागा वेगळी. अठरा वाव, म्हणजे शंभरेक फूट पाण्याखाली एक खडप आहे, बुडालेला खडक, तांबोशी, गोब्रा, शेवंड यांनी गजबजलेला. गावात त्याला ‘सासू’ म्हणतात, कारण नाव कोणी मोठ्याने घेत नाही आणि गेल्याशिवाय चालतही नाही. जाळं तिथे टाकत नाहीत, फाटतं. गळानेच मासे काढायचे, विणीच्या दिवसांत जायचंच नाही. लग्न करून आलेल्या बाईलाही पहिलं मूल होईपर्यंत त्याची खूण सांगत नसत. बाहेरच्या मोठ्या ट्रॉलरना ती कळली तर एका हंगामात तिथे नुसते दगड उरतील, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून दांडा.

आणि मग सागरपट आला.

माझी भाची ऊर्वी त्या कामात होती. माझी बहीण शालन लग्न होऊन घाटावर गेली, लवकर वारली. तिची ही मुलगी. साताऱ्याकडे वाढलेली, समुद्र सुट्टीत पाहिलेला, आणि त्यामुळेच त्याच्यावर जीव टाकणारी. तिने मला जेटीवर बसून सागरपट समजावला.

“मामा, समुद्रातला प्रत्येक जीव स्वतःला थोडा थोडा सांडत असतो. खवला, चिकटा, विष्ठा. त्यातून त्याचा डीएनए पाण्यात उतरतो. घडाभर पाणी घेतलं, गाळलं, त्यातले धागे वाचले, की त्या पाण्यातून कोण कोण गेलं ते कळतं. मासा बघायचीसुद्धा गरज नाही.”

“म्हणजे मासो दिसल्याबिगर त्याचो वास घेतल्यासारखा?”

“तसंच. वासावरून पाहुणे ओळखायचे.”

खाडीच्या तोंडाशी तिने एक पिवळं पिंप तरंगत ठेवलं. दर तासाला ते पाण्याचा घोट घेई, पोटातल्या यंत्रात वाची आणि नावं आकाशात पाठवी. नकाशा उघडा, जगात कोणीही पाहावा. कुठल्या पाण्यात कोणत्या जाती आहेत याचे रंगीत ठिपके, ठिपक्याला बोट लावलं की नोंद कोणी केली, कधी केली, सगळं. पण पिंपं महाग. ती फक्त खाड्यांच्या तोंडांशी, उथळ पाण्यात. बाहेरच्या समुद्राचं काय? तिथे मच्छीमारांनी सांगायचं, काय मिळालं आणि कुठे मिळालं. नोंद झाल्याशिवाय सवलतीचं डिझेल नाही.

आमच्या होड्यांच्या इंजिनाला तेव्हा एक इलेक्ट्रॉनिक कुलूप आलं होतं. बंदी असलेल्या पाण्यात होडी शिरली की इंजिन आपोआप बंद. ते कुलूप होडीची वाटही लिहून ठेवणार होतं. मी बंदराबंदरांत फिरून आरडाओरडा केला, की आमची होडी कुठे गेली हे आमचं आम्ही सांगू, यंत्राने लिहायचं नाही. आम्ही जिंकलो. कुलूप फक्त बंदीची रेघ बघणार, वाट लिहिणार नाही. माझ्या गळ्यात हार पडले. तोच हार पुढे फास झाला, पण ते नंतर.

वायरोळचा नोंदकरी म्हणून मलाच नेमलं. शेडखाली बसायचं, मासा आला की फोटो काढायचा, यंत्राने विचारलं की तोंडी उत्तर द्यायचं. होडीवरच्याला मी विचारी, “खय गावला?” तो म्हणे, “दांड्यावर.” मी यंत्राला सांगे, “दांड्यावर.” यंत्र मान हलवत नसे, एवढाच फरक. ते लिहून घेई. माझ्याच बोलण्यावरून ते मालवणी शिकलं. ऊर्वीने रीतसर माझी परवानगी घेऊन माझा आवाजही त्याच्यात घातला.

चार वर्षं. रोज चाळीसेक होड्या. गोब्रा, दांड्यावर. तांबोशी, दांड्यावर. शेवंड, दांड्यावर. एकदा हातभर लांबीचा समुद्रघोडा आला तोही दांड्यावर. आता तुम्ही म्हणाल, ऊर्वी शिकलेली, तिला शंका कशी आली नाही? आली होती. गोब्रा खडकाच्या कपारीत राहतो, वाळूत नाही, हे तिला माहीत होतं. पण पिंपातलं पाणी माझ्याच बाजूने साक्ष देत होतं. पिंपात गोब्रा होता, तांबोशी होती, शेवंड होता. माणूस एक सांगतो आणि पाणीही तेच सांगतं म्हटल्यावर तिने मानलं, की दांड्याच्या पोटात गाडलेला खडक असावा. त्यावर तिने प्रबंध लिहिला. ‘वायरोळचा दांडा’ म्हणून तो गाजला, आणि सागरपटाच्या जिल्हा कचेरीची ती प्रमुख झाली.

पेढे घेऊन आली तेव्हा माझ्या पाया पडली. “मामा, तुझ्या नोंदी नसत्या तर मी कुठेच नसते.”

सांगायला तोंड उघडलं होतं. पण पेढा तिने आधी घातला.

ऑगस्टचा पहिला दिवस. पावसाळी बंदी संपलेली, देवाला नारळ देऊन त्रेचाळीस होड्या एकामागून एक खाडीच्या तोंडाकडे निघाल्या. सगळ्यांत पुढे शेवंतीची. शेवंती कुबल, नवऱ्यामागे दोन होड्या चालवणारी आणि आमच्या मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. वाटेच्या तोंडाशी तिचं इंजिन खोकलं आणि गप्प झालं. मागचीचं झालं. त्याच्या मागचीचं झालं. ओहोटीची ओढ, बंद इंजिनं, होडीवर होडी आदळायला लागली, बांबू घेऊन माणसं एकमेकांना ढकलत राहिली. आणि प्रत्येक होडीच्या कुलपातून माझाच आवाज आला, शांत, शेडखाली बसल्यासारखा:

“ह्यो सावध पट्टो असा. मागे फिरा.”

त्रेचाळीस बाबल टिकम एका सुरात. मी जेटीवरून ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझा स्वतःचा आवाज मला आवडला नाही.

त्या दिवसापासून लागू झालेला नवा नियम असा होता. पाच वावांच्या आतलं उथळ पाणी, तिथे शंभराहून जास्त जाती, आणि दोन साक्षी, एक माणसाची, एक पाण्याची. एवढं जुळलं की पट्टा आपोआप लागतो, इंजिनाच्या होड्यांना बंद. पिल्लं उथळ पाण्यात वाढतात म्हणून. नियम चांगला होता, ते मीही म्हणतो. त्याला माहीत नव्हतं ते इतकंच, की आमच्या खाडीला दुसरं दार नाही.

होड्या ढकलत परत जेटीला लागल्या. शेवंती ओल्या लुगड्यानिशी शेडखाली आली.

“बाबल, तुझी भाची आमच्या दारार कुळूप लावन गेली.”

“तिना नाय गो. नेमान लावला.”

“मगे नेमाक सांग, थय मासो नाय म्हणान.”

“सांगलंय तर इचारतीत, मगे मासो खय असा?”

शेवंती खालच्या आवाजात म्हणाली, “सासूचा नाव काढूचा नाय. माझ्या सासऱ्यान मरताना माझो हात धरून ह्या एकच सांगलेला.”

“मगे कसा सुटूचा?”

“ता तुझा तू बघ. थापो मारताना आमका इचारलंस?”

“माझी थाप नाय ती! तुमीच सांगल्यात, दांड्यावर, दांड्यावर!”

“आमी माणसाक सांगलाव. तू मशिनीक सांगलंस.”



मी ऊर्वीला फोन लावला. सासू वगळून बाकी सगळं सांगितलं, की दांड्यावर काही नाही, ती आमची बोलायची पद्धत. ती हसली. मग हसायची थांबली.

“मामा, होड्या अडकल्यात हे मला कळतंय. मी वाट मोकळी करायला अर्ज केलाय, पण मी एकटी पट्टा उठवू शकत नाही. त्यासाठी तू खोटं बोलू नकोस.”

“आता खरा सांगतंय गो, आदी खोटा बोललेलंय.”

“मग पिंपाचं काय? पाणी खोटं बोलत नाही, मामा.”

खरंच की. पाणी का बोललं खोटं? ही गोष्ट मलाच कळत नव्हती. पाण्याला तर मी काही शिकवलं नव्हतं. दोन दिवस मी शेडखाली बसून त्या पिवळ्या पिंपाकडे पाहत राहिलो. रिकाम्या जेटीवर बसून दुसरं करणार काय? बायका जाळी शिवत होत्या, पुरुष पत्ते कुटत होते, आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा श्रावणात वायरोळच्या चुली मसुरीच्या आमटीवर चालल्या होत्या.

पावसाळाभर पिंप काठावर काढून ठेवलेलं होतं आणि नकाशावर मेचेच आकडे होते; आता ते पुन्हा पाण्यात होतं, आणि तिसऱ्या दिवशी नकाशावर दांड्याच्या जाती दोनशे अकरावरून नव्वदवर आल्या. चौथ्या दिवशी चाळीस. मला वाटलं सुटलो! शंभराच्या खाली आलं की पट्टा उठणार. पण नियम लिहिणारा आमच्याहून हुशार. बंदी असताना जाती घटल्या तर त्याचा अर्थ, कोणीतरी चोरून मारतोय किंवा पाण्यात काही विष आहे; तेव्हा बंदी वाढवा. पाचव्या दिवशी पट्टा खाडीतून आत सरकला, थेट जेटीपर्यंत. आता होडीच काय, माणसाचं पाऊलही चालणार नव्हतं. ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणाऱ्या बायका गुडघाभर चिखलात उतरल्या, तर पिंपावरच्या भोंग्यातून मी त्यांच्यावर ओरडलो. माझ्याच सख्ख्या चुलत वहिनीला मी म्हणालो, “मागे फिरा.” तिने पिंपावर चिखलाचा गोळा फेकला आणि घरी जाताना वाटेत दुसरा माझ्यावर.

तो चिखल पुसता पुसता माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

होड्या थांबल्या आणि मासे गेले. दिवस तेच. मासे दांड्यावर राहत नव्हते, ते आमच्याबरोबर येत होते! सासूवरून निघालं की तीन तासांत दांड्याशी पोचायचं आणि तिथे भरतीची वाट बघत थांबायचं, कारण भरल्या होडीला ओहोटीत वाट पुरत नाही. थांबलो की काय करायचं? मासे निवडायचे, पोटं काढायची, आतडी पाण्यात, होडी धुवायची, रक्ताचं पाणी बाहेर. माझ्या आज्यापासून हेच. नेमकं तिथेच पिंप. चाळीस होड्या रोज त्याच्या तोंडाशी सासूचं ताट धूत होत्या. मी जे तोंडाने सांगत होतो, तेच आम्ही त्याला पाण्यातूनही भरवत होतो. साक्षीदार दोन, पण दोघांचं पोट एकाच घरी भरलेलं.

ऊर्वीला सांगून पटलं नसतं. माझं सांगणं आता कोणालाच पटत नव्हतं. दाखवायला हवं होतं, आणि असं काही, की कोणी म्हणू नये हा मासा इथे राहत असेल.

डोंगरावरच्या रिसॉर्टचा आचारी माझ्या गोष्टींचा जुना गिऱ्हाईक. त्याच्या फ्रीजरमध्ये थंड प्रदेशातून येणारा ट्राउट होता, बर्फाच्या नदीतला, ज्याने खारं पाणी स्वप्नातही पाहिलं नसेल. त्याने चार दिले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ओहोटीला, मी काठी टेकत पट्टा ओलांडून दांड्यावर गेलो. पिंप माझ्या आवाजात माझ्यावर खेकसलं. मी त्याच्या कॅमेऱ्याला नमस्कार केला, उकिडवा बसलो, मासे चिरले आणि चारही नीट धुतले.

दोन तासांत सागरपटावर बातमी. वायरोळ खाडी, हिमालयी ट्राउट, अतिशय दुर्मीळ. पट्टा दुप्पट.

संध्याकाळी जेटीवर गाडी थांबली. ऊर्वी उतरली, हातात मोबाईल, त्यावर उकिडवा बसलेला मी. शेवंती शेडखालीच होती. ऊर्वी माझ्याजवळच्या बाकड्यावर बसली.

“सगळे मासे असेच आले?” तिने विचारलं.

“सगळेच. होडये धुयत होते.”

“गोब्रा? समुद्रघोडा?”

“व्हय.”

“गाडलेला खडक?”

मी खाली बघितलं.

“चार वर्षं, मामा. मी त्या खडकाची उंची काढली होती. त्याच्यावर भाषणं दिली. लोक मला विचारायचे, एवढी खात्री कशी? मी म्हणायचे, माझा मामा आहे तिथे.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “आईला माहीत असेल ना हे? दांड्यावर म्हणजे काय ते?”

“शालन वायरोळची. तिका म्हायत नसतला तर कोणाक?”

“मग मी कुठली?”



तिने मोबाईल बाकड्यावर उलटा ठेवला आणि कामाचा आवाज काढला. सागरपटावरची नोंद खोडता येत नाही. मुद्दामच. आधी काही लोकांनी बंदरं बांधायला सोयीची म्हणून जाती खोडल्या होत्या, तेव्हापासून खोडणं बंद. नोंद फक्त हलवता येते, खऱ्या जागी. नोंदकऱ्याने स्वतः खरी जागा द्यायची. ती पाच वावांहून खोल असेल तर तिथे पट्टा लागणार नाही, पण ठिपका सगळ्या जगाला दिसेल.

“ट्रॉलरवाल्यांकपण?” शेवंतीने विचारलं.

“सगळ्यांना.”

“आणि जागा नाय दिली तर?”

“तर पट्टा राहील. ट्राउटमुळे आता किती वर्षं, मला सांगता येत नाही.”

तेव्हा कळलं अडकणं म्हणजे काय. दाराला कुलूप, आणि किल्ली म्हणजे घरच. खाडीत त्रेचाळीस होड्या डोलत होत्या. सोसायटीच्या ओट्यावर गाव जमला आणि दोन तास भांडला. म्हातारे म्हणाले, उपाशी राहू. तरुण म्हणाले, तुम्ही राहा. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. नोंद माझी, जीभ माझी, तेव्हा पापही माझंच असू दे, असा तो न झालेला ठराव होता.

शेवंती उठली. “सांग,” म्हणाली. “पण सांगल्यावर ह्या ओट्यार बसूचा नाय. माझ्या सासऱ्याक मी काय सांगू, ता माझा मी बघतंय.”

ऊर्वीने टेबलावर नकाशा उघडला. मला आकडे येत नाहीत. आम्ही खुणा धरतो. मी पट्टी मागितली. देवळाचा कळस वरच्या माडांच्या टोकावर येतो ती एक रेघ मारली, जमिनीवरून सरळ समुद्रात. दर्ग्याचा घुमट मागच्या खिंडीत बसतो ती दुसरी. दोन रेघांनी पाण्यात एकमेकींना कापलं. सात पिढ्यांत कागदावर कधी न उतरलेली जागा, पट्टीच्या दोन फटक्यांत. दुसऱ्या रेघेला पट्टी ऊर्वीने धरली.

“ह्या खरं?” तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून मालवणी ऐकली, अर्धीमुर्धी, आईची.

“खरा.”

तिने नोंद हलवली.

आठ दिवसांनी पट्टा उठला. होड्या गेल्या. मला कोणी ओट्यावरून उठवलं नाही, मीच गेलो नाही. आणि सागरपटावर, अठरा वाव पाण्यात, लाल भडक ठिपका चमकायला लागला. दोनशे अकरा जाती. दोनशे बारा झाल्या असत्या, पण ट्राउट ऊर्वीने स्वतःच्या सहीने फेटाळला.

दिवस मोजत बसलो होतो. एकविसाव्या दिवशी दक्षिणेकडून तीन मोठे ट्रॉलर आले आणि त्यांतला एक तांडेल पाणी भरायच्या निमित्ताने आमच्या जेटीवर चढला. हातात मोबाईल, मोबाईलवर ठिपका. बायकांचे हात जाळ्यांवर थांबले.

“आजोबानू,” तो म्हणाला, “ह्या ठिपक्यार खराच मासो असा?”

काय सांगणार होतो? दांड्यावर? ते आता जगाला माहीत झालं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते खरंच.

“असा. भरपूर. तांबोशी, गोब्रा, शेवंड. देवळाचो कळस माडाच्या टोकार धर, दर्ग्याचो घुमट खिंडीत बसव. अठरा वाव. नांगर मस्त धरता. बस, चाय घे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ठिपक्याला बोट लावलं आणि मोठ्याने वाचलं: “नोंदकरी, बाबल टिकम. आदी चुकीच्या जागेच्या नोंदी, चाळीस हजार तीनशे. विश्वासार्हता, शून्य.”

“तोच मी,” मी म्हणालो.

तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. “आजोबानू, आमका येडे समाजलास? इतक्या खुशीत कोण जागा सांगता?”

तिन्ही ट्रॉलर उलट दिशेला गेले आणि दोन दिवस उत्तरेकडचा चिखल ओढत बसले. शेवंतीने त्या संध्याकाळी माझ्याकडे एक तांबोशी पाठवली. बोलली नाही. पण तांबोशी मोठी होती.

आता गोष्ट संपायला हवी होती. पण कुलपं अशी सुटत नाहीत. वर्षभर चोख नोंदी केल्या की नोंदकऱ्याचा शून्य वर चढतो, हा नियम मला ऊर्वीच्या कचेरीकडून छापील पत्राने कळला. ती आता प्रमुख नव्हती. तिने स्वतःच प्रबंध मागे घेतला होता आणि तिला शंकास्पद नोंदी तपासायच्या टेबलावर बसवलं होतं. ज्या चुकीत माणूस आणि पाणी एकाच तोंडाने बोलतात तिला आता सगळीकडे ‘वायरोळ दोष’ म्हणतात म्हणे. पिंपं होड्या धुण्याच्या जागेपासून लांब ठेवतात. माझ्या गावाचं नाव पुस्तकात गेलं ते असं.

माझा शून्य चढला तर ठिपका खरा वाटेल. ठिपका खरा वाटला तर ट्रॉलर परत येतील. म्हणजे मला मरेपर्यंत शून्यावर बसणं भाग आहे, आणि शून्य आपोआप टिकत नाही, त्याला खायला घालावं लागतं. दर सोमवारी मी एक नोंद पाठवतो. जेटीच्या पायरीवर देवमासा. विहिरीत शेवंड, मिशी दोन वाव. गंमत म्हणून थापा मारणं वेगळं आणि वार लावून मारणं वेगळं; आता तोंडाला चव राहिली नाही. डॉक्टरला छातीत दुखतं म्हणालो तर तोही आधी हसला.

प्रत्येक नोंद ऊर्वीच्या टेबलावर जाते. दर बुधवारी उत्तर येतं: ‘नामंजूर. ऊ.’ ती फोन उचलत नाही, तेव्हा भाचीचं पत्र म्हणावं ते हेच. पहिल्या वर्षी नुसतं नामंजूर. दुसऱ्या वर्षी एकदा, देवमासा जेटीवर चढून चहा प्यायला त्या आठवड्यात, ‘नामंजूर. साखर किती?’ असं आलं होतं. ते मी अजून जपून ठेवलंय.

गेल्या बुधवारी उत्तर आलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. शनिवारी सकाळी मी तिचा नंबर लावला. उचलणार नाही हे माहीत होतं. उचलला. पलीकडे वारा होता, आणि पाणी, आणि माणसांचा गलका. कुठल्या बंदराचा ते मला ओळखू आलं नाही, आणि मी बंदरं ओळखतो.

“खय असंस गो?” मी विचारलं.

ती म्हणाली, “दांड्यावर, मामा.”

मी मान हलवली. आमच्यात पुढे विचारत नाहीत.